कासवाचं बाळंतपण

झुंबरबाईच्या धाकट्या लेकाचं, हर्षलचं, लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्याच साली, त्याच मांडवात, अमडापुरात समुद्र आला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची लग्नतिथ होती. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड आपल्या गावी गेलं. मांडववाला कापड सोडायला आला तर झुंबरबाई बाजेवरून ओरडली, "हात लावू नोको बे! आपला समुद्र अजून बाकी हाये."

मांडववाला चक्रावला. त्याला वाटलं, लग्नाच्या दगदगीनं बाईला ऊन लागलं. पण दारात उभ्या असलेल्या टेम्पोतून खरंच समुद्र उतरत होता. करड्या कापडाची भलीमोठी घडी, दोन मोठे पंखे, काळ्या पेट्या आणि वायरींची वेटोळी. झुंबरबाईची पुतणी पुष्पांजली आणि तिचा नवरा देवेश हे सगळं थेट दापोलीकडून घेऊन आले होते. पंखा लावला की ते कापड फुगायचं आणि त्याचा घुमट व्हायचा. आत वाकून शिरायचं, सतरंजीवर पडायचं, की वर, बाजूला, पायापर्यंत, जिकडं पाहावं तिकडं समुद्र. बाहेरचं ऊन लागून कापड तापू नये म्हणून त्याला मांडवाची सावली हवी होती.

"समुद्राले सावली!" किसनराव म्हणाले. किसनराव म्हणजे झुंबरबाईचे मालक. "आता त्याले छत्रीबी घेऊन द्या."

पुष्पांजली समुद्रातल्या जीवांचं शास्त्र शिकली होती आणि तिकडं किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करत होती. देवेश चित्रकार. पाण्याखाली यंत्र सोडून त्यानं तिथले आवाज भरून आणले होते आणि त्या आवाजांवर चित्रं चालवली होती. ती सांगायची, तो काढायचा. ज्यांच्या नशिबी समुद्राला जाणं नाही त्यांच्या दारात समुद्रानंच जावं, अशी दोघांची कल्पना. गावोगाव फिरून झालं होतं. या फेरीतलं शेवटचं गाव अमडापूर. दुसऱ्या दिवशी खेळ दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो परत.

आणि त्या टेम्पोत पुष्पांजली बसणार होती. झुंबरबाईचं सगळं दुखणं तिथं होतं.

पुष्पांजलीचा सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय कोणाला सांगायला लागतं? पण पुष्पांजलीची माय रेणुका पोर दीड वर्षाची असताना साप चावून गेली. बाप राजकुमार शेतात रमला. पोरीला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत पाठवणं, तापात उशाशी बसणं, सारं झुंबरबाईनं केलं. ती तिची मोठीमाय. पोरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून झुंबरबाई कामाला लागली होती. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. ओवा निवडून डबा भरला होता. किसनरावांच्या मागं लागून बाळंतिणीसाठी बाज नव्यानं विणून घेतली होती, आणि ती लग्नाच्या गर्दीत कोणी वापरू नये म्हणून कडब्याच्या गंजीमागं लपवून ठेवली होती.

लग्नात हळदीच्या दिवशी भावकीतली सोजराबाई बांगड्या भरता भरता बोलून गेली. सोजराबाईच्या तोंडाला तसंही दार नव्हतंच. "माय नाही त्या पोरीले कुठचं माहेर? अन् झुंबराचे गुडघे त पाहा, उठते तवा भुईमुगाच्या शेंगा फोडल्यावानी वाजतात. तिलेच धराले दोन माणसं लागतात. थे काय बाळंतपण करीन!"

बायका हसल्या. पुष्पांजली तिथंच बसलेली होती. तीही हसली, पण हातातली बांगडी तिनं पुन्हा काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "मोठीमाय, मी टेम्पोसोबतच परत जाते. सासूबाईंनी तिकडं खोली लावून ठेवली आहे. डॉक्टरशी बोलणं झालंय. तुला उगाच त्रास नको."

झुंबरबाईनं बशीत ओतलेला चहा तसाच कपात परत ओतला. "बरं," म्हणाली. एवढंच. विनवणी करणं तिच्या स्वभावात नव्हतं. किसनरावांनी मागून आगीत तेल ओतलं, "बरोबर बोलली पोरगी. तुले सोताले न्हाणीतून उठवाले माणूस लागते, तू तिले शेक देशीन?"

"तुमच्या तोंडाले देतो शेक," झुंबरबाई म्हणाली आणि गुडघे धरून उठली. शेंगा फुटल्यासारखा आवाज झालाच.

खेळाच्या दिवशी सकाळी शाळेची पोरं पाहून गेली. ती इतकी ओरडली की मांडवाच्या खांबावरची कबुतरं दिवसभर परत आली नाहीत. दुपारी जेवणं आटोपली आणि मोठी माणसं जमली. बाप्ये एका अंगाला, बाया एका अंगाला. बाप्ये बिनघोर आडवे झाले. बायांना बाप्यांसमोर आडवं कसं व्हावं, म्हणून त्या माना वर करून बसल्या. झुंबरबाईला खाली बसता येत नव्हतं. तिच्यासाठी लग्नातली एक खुर्ची आत आणून बरोबर मधोमध ठेवली. आत शिरताना तिनं नकळत लुगडं बोटभर वर उचललं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं पाहिलं. किसनरावांनी पाहिलं होतं. त्यांनी आपलंही धोतर घोट्यावर घेतलं होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत.

अंधार झाला. मग हळूहळू हिरवं-निळं उजाडलं, आणि सगळं अमडापूर पाण्याखाली गेलं.

वरून उन्हाच्या पट्ट्या खाली येत होत्या, हलत होत्या. मासे आले, ते नुसते समोरून गेले नाहीत, पाठीमागून आले, डोक्यावरून वळले, बायांच्या मांडीवरून गेले. झुंबरबाईच्या पदरावर पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा आला, थांबला आणि खुर्चीच्या हातावरून निघून गेला. तिनं हात आखडून घेतला, मग पुन्हा हळूच पसरला. म्हटलं, येत असेल तर येऊ दे.

चारी बाजूंनी तडतड ऐकू येऊ लागली.

"लाह्या कोण भाजून राह्यलं बे?" किसनरावांनी विचारलं.

"कोळंबी आहे, मोठे बाबा," पुष्पांजली अंधारातून म्हणाली. "इवलीशी असते. नांगीनं चुटकी वाजवते. हजारो जणी एकदम वाजवतात, म्हणून असं ऐकू येतं. जिथं हा आवाज असतो तिथला समुद्र जिवंत आहे समजायचं. आवाज बंद पडला की समजायचं, तिथं काहीतरी बिघडलं."

"म्हणजे आपल्या सोजराबाईवानी," कोणीतरी बाप्यांतून म्हणालं. सोजराबाईनं अंधारातच चप्पल शोधली, पण चपला बाहेर राहिल्या होत्या.

पुढं पांढऱ्या छत्र्यांसारखे जीव आले, झालरी सोडून तरंगणारे. बायांनी तोंडावर हात ठेवले. मग त्यांच्यातच एक कॅरीबॅग आली, तशीच तरंगत, तशीच पांढरी. एक कासव आलं आणि छत्री समजून तिच्या मागं गेलं. त्याच्या मागून एक चेंबलेला पांढरा गिलास आला.

"हे त आपल्या लग्नातले गिलास!" राजकुमार म्हणाला. तो सहसा बोलत नसे, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. गिलास किसनरावांनी आणले होते आणि पंगतीनंतर ढीग नाल्यात लोटायला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी धोतर सारखं केलं आणि ते छताकडं पाहू लागले.

मग पाणी ओसरलं. वाळू आली, रात्रीचा किनारा आला. चंद्राच्या उजेडात लाटेतून एक मोठी कासवीण बाहेर आली. पुढच्या वल्ह्यासारख्या हातांनी वाळू मागं सारत, अंग ओढत, थांबत, पुन्हा ओढत ती वर चढली. सगळा घुमट तिच्या एकटीचा झाला. आणि मग तिचा श्वास ऐकू आला.

तो श्वास देवेशनं खऱ्या कासवाजवळ वाळूत तासन् तास पडून भरून आणला होता. जड, लांब, मध्येच अडणारा. हवा सुटायची, गप्प व्हायची, मग पुन्हा सुटायची. सगळ्या घुमटात दुसरा आवाज नव्हता.

झुंबरबाईनं कान दिला. हा आवाज तिला ओळखीचा होता. शेजारणींच्या घरात, जावांच्या खोलीत, गोठ्यात, सबंध जन्मभर तिनं तो ऐकला होता.

ती खुर्चीतून उठली. शेंगा फुटल्या, पण तिनं लक्ष दिलं नाही.

"बाप्यायनं बाहेर व्हा," ती म्हणाली.

बाप्ये तसेच पडून राहिले.

"आयकू नाही आलं का? बाप्यायनं बाहेर व्हा. बाई अडली हाये."

आधी हशा उसळला. पण झुंबरबाई मधोमध उभी होती, कासवाचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता आणि ती हसत नव्हती. हशा आपोआप विरला.

"अवं, कासव हाये थे!" किसनराव म्हणाले.

"मंग? तिले लाज नाही?"

"जनावराले कायची लाज?"

"मांगल्या वर्षी आपली कपिला व्याली, तवा गोठ्याच्या तोंडाले पोतं कोणं लावलं होतं? पोट्ट्याईले कोणं हाकललं होतं? गाय बुजते म्हणून कोण सांगत होतं?"

पोतं किसनरावांनीच लावलं होतं. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला रे. बुढी काई आयकत नाही." त्यांच्यामागं बाकीचे वाकून वाकून बाहेर पडू लागले.

देवेश यंत्राजवळ उभा होता. त्याला वाटलं, आपण खेळ दाखवणारे, आपल्याला काही हे लागू नाही. "मोठी आई, हे चित्र आहे. मीच काढलंय," तो म्हणाला.

"काढलं असन. तुम्हीबी चला, जावईबापू."

"पण मशीन..."

"मशीन काय बाळंत होऊन राह्यली?"

जावयाला असं कोणी घालवत नाही. सोजराबाईनं तर गालावर हात मारून घेतला. पण देवेश हसत हसत हात जोडून निघाला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, "पुढं देवमासा आहे. आवाज मोठा आहे, सांगून ठेव." पुष्पांजली हसून इतकी वाकली होती की तिला ते ऐकूच आलं नाही.

बाप्ये गेले आणि घुमटातली हवाच बदलली. बायांनी डोक्यावरचे पदर सोडले, पाय पसरले, कोणी सरळ आडव्या झाल्या. आणि कासवीण मागच्या पायांनी खड्डा खणू लागली. एक पाय आत घालायची, ओंजळभर वाळू काढायची, बाजूला टाकायची, मग दुसरा पाय. मान न वळवता, न पाहता.

"पाय वो, कशी उकरते! आपल्याले हातानं नाही जमत."

"एकटीच हाये वो बापा. संगं कोणी नाही."

"कोण नाही? आपण हाओत ना," झुंबरबाई म्हणाली.

पहिलं अंडं पडलं. पांढरं, गोल, ओलं. मग श्वास अडला, आणि दोन पडली. बाया उठून बसल्या.

"दे माय, जोर दे!"

"हाव, हाव, अशीच. घाई करू नोको."

"श्वास घे बाई, श्वास घे!" हे सगळ्यात मोठ्यानं सोजराबाई ओरडत होती. ती गुडघ्यांवर आली होती आणि तिनं शेजारणीचा हात इतका दाबला होता की ती शेजारीण कासवापेक्षा जास्त कण्हत होती. अंडी पडतच राहिली. कोणी मोजायला गेलं आणि मध्येच विसरलं. "शंभराच्या आसपास असतात," पुष्पांजली म्हणाली, तर सगळ्यांच्या तोंडून एकदम "अगं माय!" निघालं.

कासविणीचं तोंड जवळून दिसलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, वाळूचे कण घेऊन खाली येत होतं.

झुंबरबाई दोन पावलं पुढं गेली. पदराचं टोक हातात घेतलं आणि त्या एवढ्या मोठ्या डोळ्याखालून पुसलं. कापड आत दबलं, गरम होतं, तिच्या हाताखाली हललं. तिच्या हाताची सावली कासविणीच्या गालावर पडली.

"मोठीमाय," पुष्पांजली हळू म्हणाली, "ते रडणं नाही. समुद्राचं मीठ पोटात जातं ना, ते ती डोळ्यावाटे बाहेर टाकते. पाण्यातही टाकतच असते. तिथं दिसत नाही इतकंच."

"हाव? मंग बरं." झुंबरबाईनं सुटकेचा श्वास सोडला. "पण दुखत त असन थोडंबहुत."

"असेल. थोडं असेल."

कासविणीनं वाळू ओढून खड्डा बुजवला. अंगानं थोपटून थोपटून दाबला. मग वळली आणि समुद्राकडं निघाली.

"अवं, चालली कुठी?" सोजराबाई ओरडली. "पाचवी नाही, बारसं नाही, लेकरं टाकून चालली? कशी माय म्हणावं हिले!"

"तिला जावंच लागतं, काकू. जमिनीवर ती जगू शकत नाही," पुष्पांजली म्हणाली. "पिल्लं दीडदोन महिन्यांनी आपली आपण बाहेर निघतात. एकटीच समुद्रात जातात. हजारातलं एखादंच मोठं होतं. पण जी मादी मोठी होते ना, ती कितीही लांब गेलेली असू दे, अंडी घालायची वेळ आली की परत येते. जिकडं जन्मली त्याच किनारपट्टीला येते."

"म्हणजे माहेरी?" कोणीतरी म्हणालं.

"हो. तसंच म्हणा."

"मंग तिची माय असन तठी," सोजराबाई म्हणाली. तिला वाईट काही बोलायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही, काकू. माय कुठची? मायचं तोंड तिनं कधी पाहिलेलं नसतं. नुसती जागा..." आणि पुष्पांजलीचं वाक्य तिथंच राहिलं.

सोजराबाईला आपले हळदीच्या दिवशीचे शब्द आठवले असावेत, कारण ती आपल्या पायांच्या बोटांकडं पाहू लागली.

झुंबरबाई खुर्चीत बसली. खुर्ची पुतणीकडं फिरवून घेतली.

"मंग तठी तिचं कोण करते?"

"गावातले लोक. घरट्याभोवती जाळी लावतो. कुत्री, कोल्हे येऊ नयेत म्हणून राखण करतो. पिल्लं निघाली की वाट मोकळी करून देतो."

"करतो म्हणजे? तूबी करते?"

"हो. मीही करते."

"म्हणजे तू बिनमायच्या लेकींचे बाळंतपणं करत फिरते," झुंबरबाई म्हणाली, "अन् तुह्यं कोणी करतो म्हटलं त तुले त्रास वाटते?"

पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्रास मला नाही, मोठीमाय. तुला. तुझे गुडघे..."

"गुडघ्याचं मले सांगू नोको! थे पाय, कशी आली. सबन समुद्र ओलांडून सरपटत आली थे. माह्ये गुडघे वाजतात, पण मले उभं त करतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाज विणून ठेवली हाये मी. कडब्यामांगं हाये. नाही राहाची त नोको राहू. पण तुले माहेर नाही असं समजून जाऊ नोको."

पुष्पांजली सतरंजीवरून उठली, पोट सांभाळत खुर्चीपाशी आली आणि झुंबरबाईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. "बाज दाखव मला," एवढंच म्हणाली.

आणि त्याच क्षणाला देवमाशानं श्वास सोडला.

देवेशनं सांगून ठेवायला सांगितलं होतं, पण कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. सबंध घुमट गदगदला, पाण्याचं कारंजं छताला लागलं, आणि अमडापूरच्या झाडून साऱ्या बाया एकसुरात किंचाळल्या. सोजराबाई शेजारणीच्या मांडीत शिरली.

दाराचं कापड वर झालं. किसनरावांचं डोकं आत आलं, त्यांच्यावर देवेशचं, त्यावर राजकुमारचं.

"काय झालं? काय झालं? सुटली का?" किसनराव ओरडले.

"सुटली!" झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली. "शंभर झाले. या आता, पिल्लं पाहाले या."

बाप्ये आत आले. किसनरावांच्या धोतराला नाल्यातला चिखल लागला होता. बाहेर ताटकळत असताना देवेशनं त्या पांढऱ्या छत्र्यांची आणि कॅरीबॅगची गोष्ट त्यांना पुन्हा नीट समजावून सांगितली होती. मग किसनरावच उठले होते आणि त्यांनी हर्षलसकट सगळ्यांना नाल्यातले गिलास गोळा करायला लावले होते. दोन पोती भरून मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवली होती. त्याबद्दल ते कोणाला काही बोलले नाहीत, आणि झुंबरबाईनंही पोती पाहून न पाहिल्यासारखं केलं. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं जमायला लागतंच.

पिल्लं निघाली. काळी, तळहाताएवढीही नाहीत, वाळूतून उकळी फुटावी तशी निघाली आणि धडपडत समुद्राकडं धावली. सगळ्या घुमटाभर धावली, माणसांच्या अंगावरून, झुंबरबाईच्या पायांवरून, पुष्पांजलीच्या पोटावरून. बाप्ये, बाया, सगळे टाळ्या वाजवत होते. "त्या कोपऱ्यातलं मांगं पडलं बे, त्याले सांगा!" असं किसनराव ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला, पण पुष्पांजली त्यात बसली नाही. ती कडब्यामागून काढलेल्या बाजेवर बसून गव्हाच्या घुगऱ्या खात होती. शंभर लेकरं झाली आणि घुगऱ्या वाटल्या नाहीत, असं कसं चालेल, म्हणून झुंबरबाईनं पहाटेच पातेलं चढवलं होतं. घरोघर वाटी गेली. "कोणाच्या हो घुगऱ्या?" असं विचारलं की वाटणारी पोरगी सांगायची, "कासवाच्या."

आता उरली होती ती विहीण. पुष्पांजलीच्या सासूबाई, वासंतीबाई, निवृत्त शिक्षिका. झुंबरबाईनं फोन लावायला सांगितला आणि फोन तोंडासमोर आरशासारखा धरला.

"विहीणबाई, रामराम. तुमच्या समुद्रावर कासवं बाळंतपणाले माहेरी येऊन राह्यले, अन् आमची लेक माहेरी नाही राह्यली त बरं दिसन का?"

पलीकडं वासंतीबाई खूप वेळ हसल्या. देवेशनं त्यांना आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. "बरं दिसणार नाही, खरं आहे. पण झुंबरबाई, इथं मी खोली रंगवून घेतली हो. आता नातवंड तिकडं आणि मी इथं रिकाम्या खोलीत काय करू?"

"मंग तुम्हीबी या."

"मी? सुनेच्या माहेरी? बाळंतपणाला?"

"काऊन? आमच्या गावात समुद्र आला, विहीण आली त काय होते?"

आणि वासंतीबाई आल्या. दोन पिशव्या नारळ घेऊन आल्या. सासू सुनेच्या बाळंतपणाला तिच्या माहेरी आलेली अमडापुरात कोणी पाहिली नव्हती. आठवडी बाजारात दुसरा विषय नव्हता. "नवीनच काढलं यायनं," असं सोजराबाई म्हणाली, पण रोज सकाळी तीच पदर खोचून हजर व्हायची.

जूनच्या शेवटी चिखलीच्या दवाखान्यात पुष्पांजलीला मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप घरी आली. झुंबरबाई खुर्चीत बसून हुकूम सोडायची, सोजराबाई आपल्या मजबूत हातांनी बाळाला न्हाऊ घालायची, वासंतीबाई नारळाचं दूध घालून खीर करायच्या, आणि तिघींचं दिवसातून एकदा तरी कडाक्याचं भांडण व्हायचं. बाळाला टोपडं घालावं की नाही यावर तर तिघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बारशाला नाव ठेवलं रेवती. झुंबरबाईनं ते कधी घेतलं नाही. ती तिला कासवी म्हणायची.

वासंतीबाईंनी परतफेडीचं वचन घेतलं होतं. दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये झुंबरबाई दापोलीकडं गेली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा समुद्र पाहिला. किसनराव सोबत होते. त्यांनी पहिल्यांदा पाणी चाखलं, थुंकलं आणि "खरंच खारं हाये वो," म्हणाले. झुंबरबाई कान देऊन उभी होती. "त्या लाह्या कुठी फुटून राह्यल्या? आयकू नाही येत," ती म्हणाली. देवेशनं सांगितलं, त्या पाण्याखाली ऐकू येतात. तेव्हा तिनं पाण्यात पाय घातले आणि म्हणाली, "पायाले येतात."

त्या दिवशी उन्हं कलताना एका घरट्यातून पिल्लं निघाली. जाळी उचलली, दोर लावून माणसं मागं सारली. पुष्पांजली वाळूत बसून एकेकाची वाट मोकळी करत होती. झुंबरबाईच्या कडेवर कासवी होती, पावणेदोन वर्षांची, टाळ्या पिटत होती. पिल्लं लाटेला लागली, एक एक करत दिसेनाशी झाली. शेवटचं पिल्लू उलटं पडलं, सरळ झालं आणि गेलं.

लेक सासरी निघाली की वेशीपर्यंत जाऊन म्हणतात तसं झुंबरबाई पाण्याच्या कडेला जाऊन म्हणाली, "येजा बायांनो. बाळंतपणाले येजा. आम्ही हाओत."

झुंबरबाई तीन सप्टेंबर दोन हजार चोवीसला, पोळ्याच्या करीच्या दिवशी, दुपारी जेवण करून त्याच बाजेवर आडवी झाली आणि झोपेतच वारली.